आधी हात, मग भिंती

एखाद्या गावात जमातीच्या ट्रस्टचा दवाखाना उभा राहतो, तेव्हा देणग्या कशाकशासाठी येतात ते पाहण्यासारखे असते. कोणी एसी देतो, कोणी मरहूम वडिलांच्या ईसाले सवाबसाठी चार पलंग देतो, कोणी प्रवेशद्वाराला ग्रॅनाइट लावून देतो. प्रत्येक वस्तूवर नावाची पाटी लागते. हात धुण्याच्या बेसिनवर मात्र पाटी दिसत नाही. ते बेसिन बहुधा वॉर्डाच्या टोकाला, संडासाच्या दाराशी असते. त्याच्यावर साबणाची एक झिजलेली वडी असते आणि दुपारनंतर नळाला पाणी असेलच असे नाही. देणगीदारांचा यात दोष नाही. बेसिन, साबण आणि पाण्याची टाकी यांवर माणसाचा जीव अवलंबून असतो, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

रुग्णालयात दाखल झाल्यावर तिथेच जडणारा संसर्ग हा आजाराइतकाच मोठा प्रश्न आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 साली जगभराचा आढावा घेतला. त्यानुसार श्रीमंत देशांत दाखल झालेल्या दर शंभर रुग्णांपैकी सात जणांना, तर गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत पंधरा जणांना असा किमान एक तरी संसर्ग होतो. ज्यांना होतो, त्यांच्यापैकी सरासरी दहातला एक दगावतो. ऑपरेशन चांगले झाले, पण टाके पिकले. हाड जुळले, पण लघवीत पू झाला. ताप उतरला होता, तो सलाईनच्या नळीतून पुन्हा चढला. असे किस्से आपल्या प्रत्येक खानदानात आहेत. आपण ते नशिबावर घालतो आणि पुढे जातो. तकदीरवर ईमान आहेच, पण त्याच आढाव्यात असेही म्हटले आहे की हातांची स्वच्छता आणि इतर स्वस्त उपाय नीट पाळले, तर यांतले 70 टक्के संसर्ग टळू शकतात. जे टाळता येते ते टाळणे हा तदबीरचा भाग आहे, आणि तदबीर सोडून देण्याला आपल्या दीनमध्ये तवक्कुल म्हणत नाहीत.

प्रश्न एवढाच की सुरुवात कुठून करायची. पैसा मोजका, माणसे मोजकी, आणि करण्यासारख्या गोष्टी शेकडो. संसर्ग रोखण्याच्या सरकारी मार्गदर्शिका उघडल्या की सूचनांचा डोंगर दिसतो. पन्नास खाटांच्या रुग्णालयात दोन सिस्टर रात्रपाळीला असतात. त्यांनी यातले काय आधी करावे?

या प्रश्नाचे आजवरचे सर्वांत बोलके उत्तर अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातून आले. अतिदक्षता विभागात गंभीर रुग्णाच्या मानेतल्या, छातीतल्या किंवा जांघेतल्या मोठ्या शिरेत एक नळी घालतात. औषधे तिथून दिली जातात. या नळीवाटे जंतू थेट रक्तात शिरले की रुग्ण हातचा जातो. ही नळी कशी घालावी, कशी सांभाळावी यावर डझनांनी शिफारशी होत्या आणि डॉक्टरांना त्या ठाऊकही होत्या. जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले भूलतज्ज्ञ पीटर प्रोनोव्होस्ट यांनी त्या ढिगातून फक्त पाच निवडल्या. ज्यांचा पुरावा भक्कम आणि ज्या पाळायला कमी त्रास, अशा. नळी घालण्याआधी हात धुवा. टोपी, मास्क, निर्जंतुक गाऊन व हातमोजे घाला आणि रुग्णाला डोक्यापासून पायापर्यंत निर्जंतुक चादरीने झाका. त्वचा क्लोरहेक्सिडिनने पुसा. शक्यतो जांघेतली शीर टाळा. आणि गरज संपली की नळी काढून टाका.

यात नवे काहीच नव्हते. नवीन होते ते असे की ही पाच कलमे एका कागदावर आली आणि तो कागद सिस्टरच्या हातात गेला. डॉक्टरने एखादे कलम गाळले तर सिस्टरने त्याला तिथेच थांबवायचे, आणि रुग्णालयाच्या व्यवस्थापनाने सिस्टरची बाजू घ्यायची. आपल्याकडे मोठ्या सर्जनला एखादी तरुण सिस्टर "सर, हात धुतले नाहीत" असे म्हणते आहे, ही कल्पना करून पाहा! अमेरिकेतही ते सोपे नव्हते. पण राज्यातल्या शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांनी ते केले. 2006 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हजार नळी-दिवसांमागे सरासरी 7.7 संसर्ग होत असत, ते दीड वर्षात 1.4 वर आले. निम्म्याहून अधिक विभागांत तर हा आकडा शून्य झाला. एकही नवे यंत्र विकत घेतले नव्हते, एकही नवे औषध शोधले नव्हते.

त्यातला एक बारकावा आपल्या ट्रस्टींनी लक्षात घ्यावा असा आहे. बऱ्याच विभागांत क्लोरहेक्सिडिन आणि मोठी निर्जंतुक चादर हाताशी ठेवलेलीच नसे. डॉक्टर कामचुकार होते असे नाही. सामान चार ठिकाणांहून गोळा करावे लागे आणि घाईत काहीतरी राहून जाई. मग सगळे सामान एकाच गाडीवर ठेवले गेले. नियम कागदावर लिहायला वेळ लागत नाही. तो पाळता येईल अशी सोय करून देणे हेच खरे काम असते.

वुजू आणि वॉर्ड

हातांचीही हीच गोष्ट आहे. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात प्राध्यापक डिडिए पिते यांनी 1990 च्या दशकात मोजून पाहिले, तर अतिदक्षता विभागातल्या परिचारिकेला तासाला वीसहून अधिक वेळा हात स्वच्छ करण्याचे प्रसंग येत होते. बेसिनपर्यंत जाणे, साबण लावणे, खळखळून धुणे, पुसणे, परत येणे यात दर वेळी मिनिटभर तरी जाणार. म्हणजे तासातला अर्धा वेळ नळापाशीच. ती हात धुणार कसे? मग त्यांनी अल्कोहोलयुक्त द्रवाची बाटली प्रत्येक पलंगाशी ठेवली. वीस-तीस सेकंद चोळले की काम झाले. 1994 ते 1997 या काळात हात स्वच्छ करण्याचे प्रमाण 48 टक्क्यांवरून 66 टक्क्यांवर गेले आणि रुग्णालयातल्या संसर्गाचे प्रमाण 16.9 टक्क्यांवरून 9.9 टक्क्यांवर उतरले. हात स्वच्छ करण्याचे प्रमाण शंभर टक्के झाले नव्हते, हेही पाहावे. सहासष्टवरही एवढा फरक पडला.

अल्कोहोलचे नाव निघाले की आपल्या घरांत एक प्रश्न हमखास येतो. सिस्टर किंवा डॉक्टर होण्यासाठी शिकणाऱ्या आपल्या मुलींनाही तो पडतो: हे हाताला लावले तर चालते का, नमाज होते का? हा प्रश्न जगभरच्या मुस्लिम वैद्यकीय कर्मचाऱ्यांना पडला होता आणि त्याचे उत्तरही मिळालेले आहे. मक्केत जानेवारी 2002 मध्ये राबिता-ए-आलम-ए-इस्लामीच्या फिक्ह परिषदेचे सोळावे अधिवेशन झाले. जखम धुण्यासाठी, जंतू मारण्यासाठी, मलमांत, असा अल्कोहोलचा बाह्य वापर जायज असल्याचा निर्णय तिथे दिला गेला. सौदी अरेबियातल्या रुग्णालयांत आज ही बाटली पलंगापाशी टांगलेली असते. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेल्या दोन नुस्ख्यांपैकी एकात इथेनॉल नसून आयसोप्रोपिल अल्कोहोल असते, जे पिण्याच्या दारूत वापरतच नाहीत. ज्यांच्या मनात तरीही खटका राहतो त्यांनी आपल्या मुफ्तींना जरूर विचारावे. पण विचारेपर्यंत हात तसेच ठेवू नयेत, साबण-पाणी आहेच.

तहारतचा आपल्याला अभिमान आहे आणि तो खोटाही नाही. झोपेतून उठल्यावर भांड्यात हात बुडवण्याआधी ते धुण्याची ताकीद प्रेषित मुहम्मद (स.) यांनी केलेली आहे, नखे कापणे फितरतमध्ये मोडते. तरी एक गल्लत आपल्याकडून होते. वुजू आणि वॉर्डातली हात-स्वच्छता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जोहरला केलेला वुजू असरपर्यंत टिकू शकतो, मात्र त्या दरम्यान तुम्ही रुग्णाच्या पलंगाचा कठडा धरला, लघवीची पिशवी उचलली, शेजारच्या म्हाताऱ्याला आधार देऊन बसवले. वुजू शाबूत आहे, हात मात्र जंतूंनी भरलेले आहेत. वॉर्डातल्या हातांचे वेळापत्रक नमाजच्या वेळांशी बांधलेले नाही, स्पर्शाशी बांधलेले आहे. रुग्णाला हात लावण्याआधी. जखम, सुई, नळी यांना हात लावण्याआधी. रक्त, लघवी, पू यांच्याशी संबंध आल्यानंतर. रुग्णाला हात लावल्यानंतर. आणि रुग्णाला शिवला नाहीत तरी त्याच्या पलंगाला, टेबलाला हात लागल्यानंतर. जागतिक आरोग्य संघटना या पाच वेळा सांगते. हात उघड मळलेले असतील किंवा रुग्णाला जुलाब होत असतील तर बाटलीवर विसंबू नये, साबण-पाणीच वापरावे. जुलाबाचे काही जंतू अल्कोहोलला दाद देत नाहीत.

दिसणारी स्वच्छता

उलट बाजूही सांगितली पाहिजे. अनेक रुग्णालये जिथे फारसा लाभ नाही तिथे वेळ आणि पैसा ओततात, कारण ते डोळ्यांना दिसते. ऑपरेशन थिएटर बंद करून औषधाचा धूर सोडणे, ज्याला सगळे 'फॉगिंग' म्हणतात, हा त्यातला लाडका प्रकार. रुग्णांच्या खोल्यांत नेहमीचा उपाय म्हणून असा फवारा करू नये, असे अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने केव्हाच सांगितले आहे. फॉर्मेलिनचा धूर डोळ्यांना आणि फुप्फुसांना घातक आहे तो वेगळाच. मावशींनी बादलीतले पाणी बदलून, स्वच्छ फडक्याने पलंगाचे कठडे, दाराच्या मुठी आणि सलाईनचे स्टँड रोज नीट पुसले, तर त्याचा उपयोग अधिक. पण मावशींच्या फडक्याचा फोटो वर्तमानपत्रात येत नाही, धुराचा येतो.

आयसीयूच्या दारात चपला काढायला लावतात. लावू द्या, पायांची धूळ आत जाऊ नये हे ठीकच. पण चपला काढणारा माणूस त्याच हाताने दार ढकलून थेट रुग्णाचा हात धरतो, आणि दारापाशी हातांसाठी काहीच नसते. प्राधान्य उलटे लागले म्हणजे काय होते, ते या एका दारात दिसते.

घरच्या माणसांच्या हातात काय आहे, याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. आपल्याकडे रुग्णाची निम्मी सेवा घरचेच करतात.

लघवीची नळी. ती घालून ठेवली की सगळ्यांना सोय वाटते. चादर बदलावी लागत नाही, दादीला उठवावे लागत नाही. पण नळी जितके दिवस राहते, तितका लघवीत जंतू होण्याचा धोका दर दिवशी तीन ते सात टक्क्यांनी वाढतो. म्हणून राउंडला डॉक्टर आले की रोज अदबीने एकच विचारावे: "डॉक्टरसाहेब, नळी अजून लागेल का?" हाच प्रश्न हाताच्या सलाईनच्या सुईबद्दलही विचारावा. आणि रुग्णाला एक्स-रेला नेताना लघवीची पिशवी त्याच्या पोटावर ठेवण्याची जी सगळीकडे पद्धत आहे, ती बंद करावी. पिशवी वर गेली की त्यातली लघवी मागे मूत्राशयात जाते. पिशवी कमरेच्या खाली, पण जमिनीला न टेकवता.

वस्तरा. ऑपरेशनच्या आदल्या रात्री घरीच वस्तऱ्याने केस काढून रुग्णाला 'तयार' करून नेणारे लोक आहेत. हे करू नये. वस्तऱ्याने त्वचेवर डोळ्यांना न दिसणाऱ्या जखमा होतात आणि जंतू तिथे घर करतात. केस आड येत नसतील तर ते काढूच नयेत, येत असतील तर रुग्णालयात क्लिपरने कापावेत, हा आता सर्वमान्य नियम आहे. घरी साबणाने चांगला गुसल करून जावे, ते मात्र जरूर.

आणि अँटिबायोटिक. ऑपरेशनसाठी त्याचा डोस चीर देण्याच्या आधी, दोन तासांच्या आत पडला पाहिजे. ऑपरेशन झाल्यावर केवळ खबरदारी म्हणून पाच-सात दिवस ते चालू ठेवण्याने टाके पिकणे कमी होत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये स्पष्ट लिहिले. पण सुटी मिळताना कागदावर गोळ्या नसल्या की आपल्यालाच चुकल्यासारखे वाटते. डॉक्टरही मग लिहून मोकळे होतात. या सवयीची किंमत बाळे मोजतात, ती कशी ते पुढे येतेच.

दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांत 2011 ते 2014 या काळात नवजात बाळांचा अभ्यास झाला. रक्तात जंतू सापडलेल्या बाळांमध्ये ॲसिनेटोबॅक्टर आणि क्लेब्सिएला हे जंतू आघाडीवर होते. हे रुग्णालयांत वावरणारे आणि अनेक अँटिबायोटिकांना न जुमानणारे जंतू आहेत. संसर्गाची दोन तृतीयांशाच्या आसपास प्रकरणे जन्मानंतरच्या पहिल्या बहात्तर तासांतली होती. म्हणजे प्रसूतीची खोली, सुईणीचे व सिस्टरचे हात, नाळ कापण्याचे ब्लेड, बाळाला गुंडाळण्याचे कापड, इथेच सगळा खेळ होता.

इथे एक नाजूक बाब आहे. तहनीक ही सुन्नत आहे आणि नानी-दादीचा त्यावर जीव असतो. निरोगी बाळाच्या बाबतीतही हात साबणाने धुऊन, खजूर धुऊन, किंचितसे लावावे. ज्याला सर्दी-खोकला आहे किंवा तोंडात फोड आहेत त्याने ते करू नये. बाळ कमी दिवसांचे असेल, काचेच्या पेटीत असेल, तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत थांबावे. जीव वाचवण्यासाठी थांबल्याने सवाब कमी होत नाही. मध मात्र वर्षाच्या आतल्या बाळाला देऊच नये. मधात क्वचित असे बीजाणू असतात की ते तान्ह्याच्या आतड्यात रुजून त्याला लुळे करू शकतात. शिफा मधात आहे यावर आपला विश्वास आहे. बाळाचे पोट ती शिफा घेण्याइतके तयार झालेले नसते इतकेच. पहिल्या तासात आईचे पिवळसर घट्ट दूध द्यावे. संसर्गापासून त्याच्याइतकी राखण करणारे दुसरे काही नाही.

इयादतचे आदाब

आजाऱ्याची विचारपूस हा मुसलमानाचा मुसलमानावरचा हक्क आहे. त्यामुळे आपल्या रुग्णाच्या पलंगाभोवती जितकी गर्दी असते तितकी क्वचितच कुठे असेल. ही आपली दौलत आहे. एकटा पडलेला रुग्ण लवकर खचतो. पण ज्या उलेमांनी इयादतचे महत्त्व लिहिले, त्यांनीच ती थोडक्यात आटोपावी असेही लिहून ठेवले आहे. पलंगावर बसू नये, तो रुग्णाचा आहे आणि आपले कपडे बसच्या सीटवरून आलेले असतात. येताना आणि जाताना हात स्वच्छ करावेत. एका वॉर्डातल्या दोन ओळखीच्या रुग्णांना भेटायचे तर मधेही करावेत. खोकला, ताप, जुलाब असताना जाऊ नये. साथ असलेल्या गावात जाऊ नका आणि तिथे असाल तर बाहेर पडू नका, ही शिकवण ज्यांच्याकडून आपल्याला मिळाली, त्यांच्या उम्मतीला हे वेगळे सांगावे लागू नये. फोनवर सलाम-दुआ केली तरी विचारपूस होते. लहान मुलांना आयसीयूपाशी नेऊ नये. दम केलेले पाणी किंवा जमजम द्यायचे असेल तर रुग्णाला तोंडाने काही घ्यायची परवानगी आहे का ते आधी सिस्टरला विचारावे आणि पेला रुग्णाचा स्वतःचा, धुतलेला असावा.

आता पुन्हा ट्रस्टींकडे वळतो. गेल्या काही वर्षांत जमातींनी व मुस्लिम ट्रस्टांनी डायलिसिस केंद्रे काढली. नाममात्र दरात, सर्व धर्मांच्या रुग्णांसाठी. हे काम मोठे आहे. उद्घाटनाच्या दिवशी यंत्रे किती, हे सांगितले जाते. त्याबरोबर आणखी काही विचारायला हवे. डायलिसिसमध्ये आठवड्यातून दोन-तीनदा रुग्णाचे रक्त शरीराबाहेर येते. हिपॅटायटिस सी एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जातो तो बहुतेक वेळा यंत्रातून जात नाही. तो जातो न बदललेल्या हातमोज्यांतून, आणि रुग्णाच्या शेजारीच भरलेल्या इंजेक्शनांतून. म्हणून हेपॅरिनची इंजेक्शने भरायला वेगळे स्वच्छ टेबल हवे, प्रत्येक खुर्चीपाशी हातांची बाटली हवी, दोन रुग्णांच्या मध्ये खुर्ची पुसायला पुरेसा वेळ हवा. हिपॅटायटिस बी असलेल्यांसाठी वेगळी खोली आणि वेगळे यंत्र हवे, बाकीच्या सर्वांना त्याची लस हवी. खुर्च्या दहावरून बारा केल्या आणि सिस्टर तेवढ्याच ठेवल्या, तर आकडा वाढतो आणि धोकाही वाढतो.

अमेरिकेत 1970 च्या दशकात एक मोठी पाहणी झाली होती. ज्या रुग्णालयांनी संसर्गाची नियमित मोजदाद ठेवली, मोजलेले आकडे सर्जनांना परत दाखवले आणि साधारण 250 खाटांमागे या कामासाठीच एक पूर्णवेळ परिचारिका नेमली, तिथे संसर्ग 32 टक्क्यांनी घटले. 1985 मध्ये हे प्रसिद्ध झाले. भारतातही 2020 साली केंद्र सरकारने संसर्ग रोखण्याच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना काढल्या आणि त्यांतही समिती, परिचारिका, नोंदवही हे सगळे आहे. लहान रुग्णालयांत समितीची पाटी असते, परिचारिका कागदावर असते आणि प्रत्यक्षात तीच सिस्टर ड्रेसिंगही करते, सलाईनही लावते.

सदका-ए-जारिया म्हणून विहीर खोदण्याची आपली जुनी रीत आहे. एखाद्या ट्रस्टने वॉर्डासाठी पाण्याची टाकी बांधली, तर ती विहिरीहून वेगळी नाही. एका सिस्टरचा वर्षाचा पगार एखाद्या कुटुंबाने उचलावा. सिस्टरने फक्त हात, नळ्या, सुया आणि टाके यांवर नजर ठेवावी, महिन्याला किती टाके पिकले हे एका वहीत लिहावे आणि ती वही ट्रस्टच्या बैठकीत उघडावी. पाटी लावायचीच असेल तर त्या वहीच्या पुठ्ठ्यावर जागा आहे.